कॉलेज सांभाळून अधिकारी होण्याची तयारी
(विद्यार्थी शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय आहे ‘कॉलेजचं शिक्षण आणि लष्करी अधिकारी होण्याचं प्रशिक्षण एकत्र कसं सांभाळायचं’. इथे समोर अभियांत्रिकी, वाणिज्य, विज्ञान, डी.एड. अशा सगळ्या शाखांची मुलं-मुली दिसताहेत. हात वर करा बरं, तुमच्यापैकी एनसीसीत कितीजण आहेत? ... चार. एवढ्या मोठ्या सभागृहात चार. म्हणजे सांभाळायचं कसं यावर बोलण्याआधी, सांभाळायला हातात घ्यायचं तरी का, यावर बोलावं लागेल.

आधी थोडा इतिहास. आपल्याकडे विद्यापीठात शिकता शिकता लष्करी प्रशिक्षण घेण्याची सोय इंग्रजांच्या काळापासून आहे. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, ‘युनिव्हर्सिटी कोअर’ सुरू झालं. १९२० च्या कायद्याने त्याचं ‘युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर’ झालं आणि १९४२ मध्ये ‘युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर’. नावातच ‘ऑफिसर्स’ होतं, कारण कॉलेजात शिकणाऱ्यांतून अधिकारी मिळावेत हाच हेतू होता. १९४६ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिच्या शिफारशींवरून १९४८ मध्ये कायदा झाला आणि राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे आपली एनसीसी, जन्माला आली. पुढच्याच वर्षी, १९४९ ला, मुलींचा विभागही सुरू झाला. चीनच्या युद्धानंतर १९६३ पासून काही वर्षं ती कॉलेजात सक्तीची होती, १९६८ पासून पुन्हा ऐच्छिक झाली. आज ती ऐच्छिक आहे, आणि माझं सगळं बोलणं या ‘ऐच्छिक’ शब्दाभोवती आहे. आपण ही इच्छा करतो का?

१९४८ हे वर्ष आपल्यासाठी आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे. ३ जुलै १९४८ रोजी जम्मूतल्या झांगडला तोफगोळ्याने ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान शहीद झाले. फाळणीच्या वेळी त्यांची रेजिमेंट पाकिस्तानात गेली. ते गेले नाहीत. नौशेरा त्यांनी राखलं, हातचं गेलेलं झांगड मार्चमध्ये परत घेतलं, आणि छत्तिसावं वर्ष पूर्ण व्हायला बारा दिवस असताना ते गेले. मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्यांची कबर दिल्लीत जामिया मिल्लिया इस्लामियाच्या आवारात आहे. आपल्या महाराष्ट्राला जवळचं नाव म्हणजे एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ. १९७८ ते १९८१ ते देशाचे हवाई दलप्रमुख होते आणि १९८२ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. अब्दुल हमीद यांचं नाव तुम्हाला पाठ असेल. पण ते हवालदार होते. उस्मान, लतीफ, लेफ्टनंट जनरल जमीरउद्दीन शाह ही अधिकाऱ्यांची नावं आपल्या घरात फारशी कुणी घेत नाही. म्हणून मुलांच्या डोळ्यांपुढे सैन्य म्हटलं की जवान उभा राहतो, अधिकारी उभा राहत नाही.

आता मूळ शंका. मोहल्ल्यात कुठेही विषय काढा, कुणीतरी म्हणतंच, “आपल्याला कोण घेतंय?” मी या वाक्याची टिंगल करणार नाही. ज्याला आडनाव सांगितल्यावर भाड्याने घर नाकारलं गेलंय, त्याला ही शंका येणारच. भेदभाव नाहीच, असं मी म्हणत नाही. सच्चर समितीचा २००६ चा अहवाल सांगतो, आयएएसमध्ये मुस्लिम ३ टक्के आणि आयपीएसमध्ये ४ टक्के, आणि त्या वेळी लोकसंख्येत प्रमाण १३.४ टक्के. ही दरी कशी पडली याची कारणं अनेक आहेत आणि त्यांवर भांडायला हवं. पण दारापर्यंत गेलोच नाही, तर दार बंद होतं की उघडं, हे कशाच्या आधारावर सांगणार? अर्ज किती केले, मुलाखतीला किती गेले, किती निवडले गेले, हा हिशेब मांडायचा तर पहिला आकडा आपल्या हातात आहे.

दुसरी गोष्ट मी ठासून सांगतो. देशभक्ती सिद्ध करायला एनसीसीत जाऊ नका. कुणी तुमच्याकडे पुरावा मागत असेल तर तो मागण्याचा त्याला अधिकार नाही, आणि तुमच्यावर तो देण्याचं बंधन नाही. परेडला जायचं ते हे राज्य आपलंही आहे म्हणून. ते चालवण्यात, राखण्यात, त्याच्यातल्या चुका आतून दाखवण्यात आपला वाटा आहे म्हणून. नागरिक म्हणजे फक्त मागणारा नसतो.

आता मुख्य विषयाकडे येतो. मी अभियांत्रिकीची चार वर्षं आणि त्यातली तीन वर्षं एनसीसी केली. ‘सी’ प्रमाणपत्र घेतलं. त्याचा हिशेब तुम्हाला मांडून दाखवतो, कारण सॉफ्टवेअरवाल्याला हिशेबाशिवाय दुसरं काही येत नाही.

आठवड्यात आपण जागे असतो तास ११२, रोज आठ तास झोप धरून. कॉलेज ३५ तास. जाणं-येणं १०. जेवण, आंघोळ, नमाज, घरची कामं मिळून रोज तीन, म्हणजे २१. अभ्यास रोज तीन, म्हणजे आणखी २१. उरले २५. एनसीसीला किती लागतात? आमच्या युनिटची परेड शनिवारी-रविवारी असायची, दोन्ही मिळून सहा तास. पाच दिवस सकाळी अर्धा तास धावणं, अडीच तास. बूट, बेल्टचं पितळ, गणवेशाची इस्त्री, दीड तास. झाले दहा. तरी पंधरा तास शिल्लक. वेळ नाही असं जो म्हणतो त्याने आपल्या फोनमध्ये जाऊन आठवड्याचा स्क्रीन टाइम बघावा. हे पंधरा आणि ते दहा, दोन्ही तिथे सापडतील.

पण खरी अडचण आठवड्याची नसते, वर्षाची असते. एनसीसीचं वर्ष आणि विद्यापीठाचं वर्ष एकमेकांना विचारून चालत नाहीत. दहा दिवसांचं वार्षिक शिबिर सबमिशनच्या तोंडावर येतं. ‘बी’ आणि ‘सी’च्या परीक्षा सहसा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे नेमकं सत्र रंगात असताना. शिवाय ‘बी’च्या परीक्षेला बसायचं तर परेडची ७५ टक्के हजेरी आणि शिबिर लागतं, आणि वर्गातही ७५ टक्के हजेरी मागतात. दोन्हीकडून ७५. यावर मी आणि माझ्या तुकडीतल्या मुलांनी काय केलं ते सांगतो.

पहिलं, पहिल्याच वर्षी नाव नोंदवा. प्रवेश झाल्यावर लगेच निवड होते, धावायला लावतात, उंची-वजन बघतात, थोडी मुलाखत घेतात. पदवीच्या पहिल्या वर्षी भरती झालात तर दुसऱ्या वर्षाला ‘बी’, तिसऱ्या वर्षाला ‘सी’. अभियांत्रिकीला चौथं वर्ष मोकळं मिळतं, त्यात प्रकल्प, कॅम्पस मुलाखती आणि निवड मंडळाची तयारी होते. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांचं ‘सी’ शेवटच्या वर्षात येतं. अशक्य नाही, पण प्रकल्पाचा जोडीदार समजूतदार निवडा.

दुसरं, शिबिराआधी जर्नल पूर्ण. आमचा नियम होता, शिबिराची तारीख कळली की त्या दिवसापर्यंतचे सगळे प्रयोग लिहून, सही घेऊनच बॅग भरायची. परत आल्यावर दहा दिवसांची जर्नलं लिहिणं आणि दहा दिवसांची झोप काढणं, दोन्ही एकदम होत नाही.

तिसरं, कागद. एनसीसीचे अधिकारी म्हणून कॉलेजातलेच एक प्राध्यापक असतात, त्यांना एएनओ म्हणतात. शिबिराला निघण्यापूर्वी त्यांच्या सहीचं पत्र विभागप्रमुखांना द्या, एक प्रत वर्गशिक्षकांना, एक स्वतःजवळ. “सर, मी सांगितलं होतं” याला परीक्षा विभागात किंमत नाही, आवक क्रमांकाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये एनसीसी हा निवडीचा श्रेयांक विषय म्हणून घेण्याची सूचना विद्यापीठांना केली आहे. तुमच्या कॉलेजने तो घेतला का, हे प्राचार्यांना विचारा. घेतला नसेल तर लेखी मागणी करा.

चौथं, केटी राहू देऊ नका. हे सर्वांत महत्त्वाचं. एनसीसी करणाऱ्या मुलाचा एक विषय राहिला की घर, शेजार, शिक्षक, सगळे एकच कारण सांगतात. नेटवर्कचा विषय अवघड होता असं कुणी म्हणत नाही, परेडमुळे गेला असं म्हणतात. मग पुढच्या वर्षी मोहल्ल्यातल्या दुसऱ्या मुलालाही परवानगी मिळत नाही.

घरचा विषय निघालाच आहे. आमच्या अम्मीचं पहिल्या वर्षभर एकच म्हणणं होतं, “इंजिनेर बनने गया ना तू, ये लेफ्ट-राइट कायकू?” तिचं चुकत नव्हतं. फी भरताना घरात काय काय मागे पडतं हे तिला माहीत होतं. तिला मी भाषण दिलं नाही. एनसीसीला फी नाही, गणवेश मिळतो, परेडनंतर नाश्ता मिळतो, हे सांगितलं. आणि सत्राचा निकाल दाखवला. निकाल लागल्यावर तिचा विरोध निम्म्यावर आला. उरलेला निम्मा गेला तो मी पहाटे न उठवता उठायला लागलो तेव्हा.

मुलींच्या घरी प्रश्न वेगळे असतात. शिबिरात कोण असतं, राहायचं कुठे, येणार कधी. हे प्रश्न विचारायचा आईवडिलांना हक्क आहे, आणि त्यांची उत्तरं आहेत. मुलींची राहण्याची व्यवस्था वेगळी असते, सोबत महिला अधिकारी आणि प्रशिक्षक असतात. अब्बांना घेऊन एकदा एएनओंना भेटा, अर्धी भीती तिथेच उतरते. आणि हेही सांगा की १९९२ पासून मुली लष्करात वैद्यकीय सेवेशिवायच्या शाखांमध्येही अधिकारी होतात, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या कायमस्वरूपी कमिशनचा हक्क मान्य केला, आणि २०२२ पासून खडकवासल्याच्या एनडीएत मुलींची तुकडी आहे. आपल्या चळवळीत मुलींच्या हक्कांवर आपण बोलत आलो आहोत. हाही हक्कच आहे, आणि तो मिळालेला आहे. वापरायचा बाकी आहे.

धर्माचे प्रश्न तुम्ही चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन विचारणार आहात, म्हणून इथेच बोलतो. रोजे? आमच्या एका शिबिरात रमजान आला. आम्ही तिघांनी उस्तादांना, म्हणजे सैन्यातून आलेल्या प्रशिक्षक हवालदारांना, आधीच सांगितलं. मेसमध्ये रात्रीच आमच्या सेहरीच्या चपात्या आणि भाजी झाकून ठेवली जायची. दुपारची परेड त्यांनी माफ केली नाही, आम्ही मागितलीही नाही. जेवण? ज्याला मांसाबद्दल शंका वाटे तो डाळ-भाजी खायचा, कुणी काही विचारलं नाही. दाढी? इथे गोड बोलून उपयोग नाही. हवाई दलातल्या एका मुस्लिम कर्मचाऱ्याचा दाढीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने हवाई दलाचा नियम उचलून धरला. ज्याला दाढी सोडणं मान्य नाही, त्याने हे आधी माहीत करून घेऊन निर्णय करावा. तो निर्णय त्याचा, त्यात कमीपणा नाही. पण सैन्यात नमाज पढता येत नाही, ही ऐकीव गोष्ट मात्र खोटी आहे. भारतीय सैन्यात पंडित, ग्रंथी, पाद्री यांच्याप्रमाणे मौलवीही धर्मशिक्षक म्हणून नेमलेले असतात, आणि अनेक ठिकाणी मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च एकाच छताखाली असलेलं सर्वधर्म स्थळ असतं. अधिकारी आपल्या जवानांच्या धर्माच्या कार्यक्रमात त्यांच्याबरोबर उभा राहतो, मग त्याचा स्वतःचा धर्म कुठलाही असो. देशात इतर ठिकाणी हे किती दिसतं, ते तुम्हीच बघा.

आता पुढचा रस्ता. ‘सी’ प्रमाणपत्रात किमान ‘बी’ श्रेणी, पदवीला ५० टक्के, एनसीसीच्या वरिष्ठ विभागात किमान दोन वर्षं, वय १९ ते २५ आणि अविवाहित, एवढं असेल तर ‘एनसीसी स्पेशल एंट्री’ने अर्ज करता येतो. यात यूपीएससीची सीडीएस लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. अर्ज छाननीत टिकला की थेट एसएसबीच्या मुलाखतीला बोलावतात. निवड झाली आणि वैद्यकीय तपासणीत बसलात, की चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत ४९ आठवडे प्रशिक्षण आणि शॉर्ट सर्व्हिस कमिशन. शेवटच्या वर्षात शिकत असतानाही अर्ज चालतो. अभियंत्यांसाठी टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स आणि शॉर्ट सर्व्हिस टेक्निकल असेही मार्ग आहेत, त्यांतही लेखी परीक्षा नाही. सगळे अर्ज सैन्याच्या भरती संकेतस्थळावर होतात. कुणा दलालाला एक रुपया द्यायचा नाही.

एसएसबी पाच दिवसांची असते. पहिल्या दिवशीच्या चाळणीत बरेच जण घरी जातात. पुढे मानसशास्त्रीय चाचण्या. त्यात ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, वाचून मनात येईल ते वाक्य लिहायचं. ६० प्रसंग, अर्ध्या तासात तुम्ही काय कराल ते लिहायचं. मग मैदानावरची गटकार्यं, मग मुलाखत. मानसशास्त्रज्ञ, गट परीक्षक आणि मुलाखत घेणारे अधिकारी तुम्हाला वेगवेगळं जोखतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसतात. इंग्रजीची भीती बाळगू नका, पण बोलायची सवय करा. उर्दू माध्यमातून किंवा मराठी माध्यमातून आलेल्यांनी रोज दहा मिनिटं मोठ्याने इंग्रजी वर्तमानपत्र वाचावं आणि पाच मिनिटं त्यावर बोलावं. समोर कुणी नसेल तर भिंत चालते.

आपल्या राज्य शासनाचं नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. एसएसबीच्या तयारीचं प्रशिक्षण, राहणं आणि जेवण तिथे विनामूल्य. सीडीएस लेखी उत्तीर्ण झालेले, तसंच ‘सी’ प्रमाणपत्र ‘ए’ किंवा ‘बी’ श्रेणीत असून एनसीसी ग्रुप मुख्यालयाची शिफारस असलेले उमेदवार तिथे जाऊ शकतात. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची. हे कार्यालय बहुतेक जिल्ह्यांच्या गावी असतं. इथल्या कितीजणांनी त्याची पाटी पाहिली आहे?

तुमच्या मनातला शेवटचा प्रश्न मला दिसतोय. “तू मग अधिकारी का नाही?” मी दोनदा एसएसबीला गेलो. पहिल्यांदा चाळणीतच बाहेर. दुसऱ्यांदा पाचही दिवस राहिलो, नाव आलं नाही. त्या गटात आणखी बरेच जण होते ज्यांचं नाव आलं नाही, त्यांची आडनावं सर्व प्रकारची होती. मग नोकरीला लागलो. आज माझ्या कामात रात्री दोनला सर्व्हर बंद पडतो तेव्हा कुणी काय करायचं, हे चार वाक्यांत नेमकं सांगावं लागतं. ते मी परेडच्या मैदानावर शिकलो, संगणकाच्या वर्गात नाही. ज्यांना सैन्यात जायचं नाही त्यांच्यासाठीही हे सांगतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या कॉन्स्टेबल भरतीत एनसीसीच्या ‘सी’ला ५, ‘बी’ला ३ आणि ‘ए’ला २ टक्के वाढीव गुण मिळतात. मेहनत वाया जात नाही.

आणि एक गोष्ट गुणांच्या पलीकडची. आमच्या तंबूत आम्ही बाराजण होतो, पाटील, कांबळे, शेख, जाधव, पवार, राठोड. दहा दिवस एका ताटलीतून चटणी खाल्ली, एकमेकांचे बूट चमकवले, एकाने चूक केली की सगळ्यांना मैदानाला फेऱ्या. त्यातल्या बहुतेकांनी त्याआधी मुसलमानाच्या घरी पाणीही प्यायलं नव्हतं, आणि मीही कुणाच्या घरात इतका आत गेलो नव्हतो. आज त्यातल्या चौघांच्या घरी मी ईदचा शिरखुर्मा पोचवतो. सलोख्यावर आपण पुष्कळ परिसंवाद घेतो, घेतले पाहिजेत. पण एकत्र घाम गाळला की तो विषय वेगळा शिकवावा लागत नाही.

तेव्हा काम सांगतो. पहिल्या वर्षात असाल तर सोमवारी कॉलेजात एनसीसीची खोली शोधा आणि एएनओंना भेटा. कॉलेजात युनिट नसेल तर दहा जणांच्या सह्यांचं निवेदन प्राचार्यांना द्या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असाल तर धाकट्या भावंडांना घेऊन जा. ज्यांचं ‘सी’ झालंय त्यांनी या महिन्यात अर्जाची तारीख बघा. आणि पुढच्या शिबिरात मी किंवा आणखी कुणी हाच प्रश्न विचारेल, एनसीसीत कितीजण? तेव्हा चारच हात वर येऊ नयेत.